'तात्पुरता' : एका विशेषणाची हकीकत

आम्ही व्याकरणाचे पंडित नव्हे. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात. परंतु एका विशेषणाशी झगडण्यात आमचा अर्धा जन्म गेला, म्हणून त्याची हकीकत सांगण्याचे धाडस करतो.

'क्षणिक' हे विशेषण नुसता काळ मोजते. 'तात्पुरता' तसे नव्हे. त्यातला 'पुरता' लक्षात घ्यावा : रात्रीपुरता आसरा, पावसाळ्यापुरती ताडपत्री. हा शब्द गरज मोजतो. तीच ताडपत्री दहा पावसाळे राहिली, तर तिला छप्परच म्हटले पाहिजे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत याचे भावंड होते 'बदली'. कायम माणूस गैरहजर राहिला, तर त्या दिवसापुरता दुसरा. पहाटे दारावर गर्दी जमे. निवड मुकादमाच्या मर्जीवर, आणि मर्जीला दस्तुरी लागे. 1935 साली गिरणीमालकांनी बदली-कार्डे काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्ड मिळालेल्यांनी रोज सकाळी हजर व्हावे, त्यांतूनच रिकाम्या जागा भराव्यात. मुकादमाला थोडा लगाम बसला. पण गैरहजेरी बारमाही, म्हणून बदलीही बारमाही राहिला.

1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कायम, तात्पुरता, बदली ही वर्गवारी लेखी करावयास लावली. महाराष्ट्राच्या नमुना आदेशांत, बारा महिन्यांत 240 दिवस अखंड भरल्यास कायम करावे, असे आले. कायमपणाचे हक्क बुडविण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा होय, असे 1971 च्या राज्य कायद्याने सांगितले. आमच्या मते ही व्याकरणाचीच दुरुस्ती होती.

तरीही 'ब्रेक' जन्मला. आमच्या तरुणपणी एका कारखान्यात 240 दिवस भरत आले की आम्हांला आठ दिवस घरी बसवीत आणि नवव्या दिवशी नव्या चिठ्ठीने त्याच यंत्रावर उभे करीत. अशी सहा वर्षे गेली. अखेर हजेरी-कार्डांचा गठ्ठा न्यायालयात मांडून संघटनेने आम्हांला कायम करविले. परंतु आमचे काही सोबती तोवर कंटाळून गावी परतले होते.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 'निश्चित मुदतीची नेमणूक' आली आहे. शब्द बदलला तरी प्रश्न तोच. शाळेत, इस्पितळात, नगरपालिकेच्या झाडूखात्यात कोणी 'तात्पुरता' भेटला, तर श्रोतेहो, एवढेच विचारा : कशापुरता? काम संपणारे नसेल, तर ते विशेषण खोटे आहे.