बसल्या जागीं प्रवास

डोळ्यांवर यंत्र चढवून माणसाला बसल्या जागीं आकाशपाताळ हिंडवून आणणाऱ्या करमणुकी आज परदेशांतील मोठमोठ्या क्रीडोद्यानांत आढळतात, आणि ही केवळ आपल्या युगाची किमया असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ही हौस चित्रपटाच्याच वयाची आहे. किंबहुना कांकणभर वडीलच. एच्. जी. वेल्स यांची 'टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें लंडनचे यंत्रज्ञ रॉबर्ट पॉल यांनीं एका विलक्षण खेळाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. हलत्या फलाटावर प्रेक्षकांनीं बसावें, अंगावर वाऱ्याचे झोत यावे, आणि समोरच्या पडद्यावर भूतभविष्याचीं दृश्यें सरकावीं, अशी ती योजना होती. पॅरिसला ल्यूमिएर बंधूंनीं तिकिट लावून पहिला खेळ केला, तो यानंतर दोन महिन्यांनीं. पॉल यांचा खेळ मात्र कागदावरच राहिला.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर यांचीं जीं चित्रें दाखविण्यांत आलीं, त्यांत स्टेशनांत शिरणारी आगगाडी होती. तेथें प्रेक्षक फलाटावर उभा होता. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत इंजिनाच्या तोंडाशीं कॅमेरा बांधून हॅव्हरस्ट्रॉ बोगद्याचें चित्र घेण्यांत आलें, आणि प्रेक्षक फलाट सोडून गाडींत जाऊन बसला. इंजिन दिसत नाहीं, रूळ मात्र पोटाखालीं सरकत जातात. म्हणून अशा चित्रांना तिकडे 'भुतांची सफर' म्हणूं लागले.

या सफरीला खराखुरा डबा दिला जॉर्ज हेल यांनीं. हे गृहस्थ कॅन्सस सिटीच्या आगीच्या बंबखात्याचे माजी प्रमुख. १९०५ सालीं त्या शहराच्या इलेक्ट्रिक पार्कमध्यें त्यांनीं रेल्वेच्या डब्यासारखें नाट्यगृह उभारलें. गणवेशांतील कंडक्टर तिकिटें घेई; चाकांचा खडखडाट होई, डबा हिंदकळे, वारा सुटे, आणि समोर कोणत्या तरी दूरच्या दऱ्या उलगडूं लागत. वर्षभरांत ही 'हेलची सफर' लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जाऊन पोंचली.

यांतून चित्रें काढणाऱ्यांपुढें एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. सफरीला चित्रें तर सारखीं हवीं. पण धांवती गाडी मध्येंच उडी मारून दुसरीकडे जात नाहीं, म्हणून चित्रालाही तसें करतां येईना. कॅमेरा जेथें बांधला तेथेंच राहणार. काय दाखवावें आणि काय गाळावें हें चित्रकार ठरवीत नसून रूळ ठरवीत. कलावंताला याहून जाचक मालक कोणता असेल? इंग्लंडांत जॉर्ज आल्बर्ट स्मिथ यांनीं १८९९ सालींच यांतून वाट काढली होती. गाडी बोगद्यांत शिरते तेवढ्या काळोखांत डब्यांतील पतिपत्नी एकमेकांचें चुंबन घेतात, असा छोटासा प्रसंग त्यांनीं चित्रित केला. दाखविणाऱ्यानें तो सफरीच्या चित्रांत मधोमध जोडावा. ही जोडणी दिसायला किरकोळ; परंतु पुढील सारी संकलनकला हिच्याच जातीची आहे. १९०६ सालीं बिली बिट्झर यांनीं 'रॉकी माउंटन एक्स्प्रेस'वरील दरोड्याच्या चित्रांत आणखी पुढें मजल मारली. इंजिनावरून दिसणाऱ्या देखाव्यांत त्यांनीं डब्याच्या आंतील गंमतीजमती आणि दरोडेखोर आणून बसविले. हेच बिट्झर पुढें ग्रिफिथ यांचे उजवे हात झाले.

निव्वळ सफरीचीं सारींच चित्रें मात्र वायां गेलीं नाहींत. १९०६ च्या एप्रिलमध्यें माइल्स बंधूंनीं सॅन फ्रान्सिस्को येथें केबल-ट्रामच्या तोंडाशीं कॅमेरा ठेवून मार्केट स्ट्रीट टिपला. घोडागाड्या आडव्या जातात, पोरें वाटेंत खिदळतात, दूरवर फेरी बिल्डिंगचा मनोरा हळूहळू मोठा होत येतो. १८ एप्रिलला पहाटे भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि तो रस्ता उद्ध्वस्त झाला. माइल्स यांचा स्टुडिओही त्यांतच गेला. फिल्म तेवढी आधींच न्यूयॉर्कला रवाना झालेली असल्यामुळें वांचली. त्या चित्रांत कथा नाहीं, पात्रें नाहींत; तरी कथापटांत सांपडणार नाहीं असा हुंदका तें आज पाहणाऱ्याच्या घशांत आणतें.

लोक लवकरच कंटाळले. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरवर ॲडॉल्फ झुकोर यांनीं भागीदारींत चालविलेल्या सफरीला प्रथम झुंबड उडाली, मग डबा रिकामा पडूं लागला. तेव्हां त्यांनीं तेथें साधें चित्रगृह केलें आणि कथापट दाखविले. पॅरामाउंटचे पुढील सूत्रधार ते हेच.

हौस मात्र मेली नव्हती. १९९१ सालीं फ्लॉरिडांतील युनिव्हर्सलच्या उद्यानांत हलत्या मोटारींत बसून घुमटाकार पडद्यावर कालप्रवास घडविणारा 'बॅक टु द फ्यूचर'चा खेळ सुरू झाला, म्हणजे वेल्स-पॉल यांचाच मनोरथ जवळजवळ शंभर वर्षांनीं सिद्धीस गेला. तो दिग्दर्शित करणारे डग्लस ट्रंबल हे '२००१: ए स्पेस ओडिसी'च्या दृश्यचमत्कारांचे एक कर्ते. २०१५ मध्यें जर्मनीच्या युरोपा-पार्कमध्यें रोलर-कोस्टरवर बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचीं यंत्रें चढलीं.

आतां तर चित्रकाराच्या हातांतून चौकटही गेली. प्रेक्षक मान वळवील तिकडे चित्र. २०१७ सालीं कान महोत्सवांत दिग्दर्शक इन्यारितू यांनीं 'कार्ने इ अरेना' मांडलें, तेव्हां एका वेळीं एकच प्रेक्षक अनवाणी वाळूवर सोडण्यांत आला. मेक्सिकोची सीमा ओलांडणाऱ्या निर्वासितांत त्यानें वाटेल तेथें हिंडावें, कोणाकडेही पाठ फिरवावी, अशी मुभा होती. तरी डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरूं लागे, प्रकाशाचा झोत वाळूवर पडे, पहारेकरी ओरडत, आणि मान त्या बाजूला वळे.