चेन, धोतर आणि आत्या

सायकलीवर बसताना काय घालावं, हे आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी कुणाला सांगितलं नाही. काय घालू नये, हे मात्र प्रत्येक पिढीला खुद्द सायकलीनंच शिकवलं, आणि तेही भर रस्त्यात, चार लोक बघत असताना.

आमचं मूळ गाव इंझोरी. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात. (1998 सालापर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यात होतो, मग जिल्हा बदलला, आम्ही जिथल्या तिथेच.) आजोबा धोतर नेसत आणि त्याच धोतरावर सायकल चालवत. धोतराचा सोगा महिन्यातून एकदा तरी चेनमध्ये जाई. सोगा एकदा चेनमध्ये गेला की माणसाला पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही आणि खाली उतरण्याचा तर विचारसुद्धा करू नये. दुसऱ्या कुणीतरी मागचं चाक उचलून पायडल उलटं फिरवावं लागतं. तो दुसरा कुणीतरी येईपर्यंत आजोबा एक पाय जमिनीवर टेकून, आपण मुद्दामच इथे उभे आहोत अशा थाटात शेताकडे बघत राहत. येणारा-जाणारा म्हणे, "राम राम पाटील!" आजोबा तितक्याच रुबाबात, "राम राम!" मदत मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे कधी कधी ते पराटीचं निरीक्षण अर्धा-अर्धा तास करत. गावात त्यांची शेतीतला जाणकार म्हणून ख्याती होती, ती अशीच झाली असावी.

धोतराचा हा वैरी जन्मला इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी, 1885 साली. त्याआधीची उंच चाकाची सायकल पुढच्या चाकालाच पायडल लावून चालायची. तिच्यावरून माणूस डोक्यावर पडे, पण कपडे शाबूत राहत. जॉन केम्प स्टार्ली नावाच्या गृहस्थानं दोन सारखी चाकं, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन अशी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. त्यानं माणसाचं डोकं वाचवलं आणि सगळं संकट पायापाशी आणून ठेवलं. आजही आपण चालवतो ती सायकल तीच. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक सैल कपड्याच्या मागे चेन लागलेली आहे.

वडिलांच्या वाट्याला बेलबॉटम आली. 1970 च्या दशकात ज्या माणसाला लग्न करायचं होतं त्याला बेलबॉटम शिवावीच लागे. ज्या घेरात आमच्या आजीनं दोन पायली ज्वारी भरली असती, तो घेर वडील एका पायात घेऊन हिंडत. त्यावर इलाज म्हणून बाजारात पत्र्याची गोल क्लिप मिळे. ती घोट्यावर चढवली की पँट सलवारीसारखी दिसे. पण क्लिप हरवण्यासाठीच जन्माला येते. मग आई दोरीवरचे कपडे वाळवायचे चिमटे मोजायची आणि वडिलांच्या पायांकडे बघायची. एकदा ते एका लग्नाच्या बैठकीत मुलाकडची वडीलधारी मंडळी म्हणून बसले आणि निघताना लक्षात आलं की डाव्या पायावर लाकडी चिमटा तसाच आहे. लग्न जमलं. मुलीकडच्यांना ती नवीन फॅशन वाटली असावी.

मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी नव्या पँटीचा उजवा पाय चेनला दिला. काळं वंगण लागलेला, दातांच्या खुणा उमटलेला तो पाय घेऊन मी दिवसभर काउंटरच्या आत उभा राहिलो. क्लार्कच्या नोकरीत हा एक मोठा फायदा आहे. ग्राहकाला आपण फक्त कमरेच्या वर दिसतो. शिवाय सायकलीच्या सीटमुळे पँट मागच्या बाजूनं झिजते, तिला आमच्या वाणिज्य शाखेत 'घसारा' म्हणतात. कॉलेजात प्राध्यापकांनी घसाऱ्यावर आठ तास घेतले होते. मला खरा अर्थ कळला तो शिंप्यानं आतून ठिगळ लावलं तेव्हा.

वऱ्हाडात सायकलीचा खरा पोशाख ठरवतात दोघेच: ऊन आणि काळी माती. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की डोक्याला, कानाला, तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कुणी सायकल बाहेर काढत नाही. खिशात कांदाही असतो. नुसते डोळे दिसतात. उधारी असलेल्यांना हा पोशाख फार सोयीचा. आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा काही बसतो की चाक फिरणंच थांबतं. मग माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो, चपला हातात घेतो आणि सायकल खांद्यावर. तेव्हा कोण कोणावर बसलं आहे, हे पाहणाऱ्यानं ठरवावं.

युरोपातल्या पुरुषांची तऱ्हा याहून वेगळी. इंग्लंडात 1890 च्या दशकात रस्त्यावर सायकल शर्यती लावल्या की पोलीस मागे लागत. म्हणून स्पर्धक पहाटे, एकेकटे सुटत आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालत; शर्यत आहे असं कुणाला वाटूच नये. उलट फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, 1919 साली, पुढे असलेला गडी लोकांना ओळखू यावा म्हणून त्याला पिवळी बंडी दिली. शर्यत भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जाई, त्याचा रंग तो. म्हणजे चोरून चालवायची तर काळा आणि मिरवून चालवायची तर पिवळा. शर्यतीत हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र 2003 साल उजाडलं, तेही एका खेळाडूचा पडून जीव गेल्यावर. डोक्याची आठवण माणसाला नेहमी शेवटी होते.

मागच्या वर्षी पुण्याहून माझा भाचा आला तो लायक्राची चड्डी घालून. अंगाला चिकटलेली, मागे गादी शिवलेली. हे ताणणारं सूत अमेरिकेत 1958 साली निघालं, असं तो मला कौतुकानं सांगत होता. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ निरखून विचारलं, "काहून गा, पावसात आकसली काय?"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी आहे. कारण पुरुषानं सायकलीवर काहीही घातलं तरी फार तर लोक हसतात. सायकल सोड, असं त्याला कुणी म्हणत नाही. बायकांच्या बाबतीत मात्र जगानं सायकलीला हात न लावता कपड्यालाच धरलं.

इंग्लंडातल्या बायकांचे झगे जमिनीवर लोळत. सायकलीवर ते चेनमध्ये तरी जात नाहीतर वाऱ्यानं उडत. उडू नयेत म्हणून काठाला शिशाचे तुकडे शिवत. म्हणजे आधीच जड सायकल, त्यात जड झगा, त्यात शिसं! सोपा उपाय म्हणजे सुटसुटीत विजार. पण अमेरिकेत 1851 साली अमेलिया ब्लूमर नावाच्या बाईनं तसल्या विजारीचा पुरस्कार केला तेव्हा तिची इतकी टिंगल झाली की विजारीला तिचंच नाव पडलं. 1893 मध्ये टेसी रेनॉल्ड्स नावाची सोळा वर्षांची पोर ब्रायटनहून लंडनला जाऊन साडेआठ तासांत परत आली. पुरुषांच्या सायकलीवर, गुडघ्यापर्यंतच्या विजारीत. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती तिच्या वेगाची कमी आणि विजारीची जास्त. 1898 मध्ये लेडी हार्बर्टन ही खानदानी बाई तसल्याच वेशात सायकलीवरून एका हॉटेलात गेली. मालकिणीनं तिला कॉफीच्या दालनात घेतलं नाही. दारूच्या बारलगतच्या खोलीत बसा म्हणाली. प्रकरण पुढच्या वर्षी कोर्टात गेलं. दुसरी जागा देऊ केली होती, सबब हॉटेलवाली निर्दोष! आमच्या काउंटरवर आम्हीही 'हे काम इथे नाही, शेजारच्या खिडकीवर' म्हणतो, ते कायद्याला धरूनच आहे हे वाचून मला बरं वाटलं.

आता आपल्याकडची गंमत बघा. नऊवारी लुगड्याचा काष्टा घालून मराठी बायका घोड्यावर बसल्या आहेत. सायकलीला याच्याइतका सोयीचा पोशाख जगात शोधून मिळायचा नाही. पण शिकलेल्या घरांतून बायकांच्या हाती सायकल येऊ लागली, तोवर त्याच घरांतून नऊवारी जाऊन गोल पाचवारी आली होती! मग पुण्यासारख्या गावात बायका पदर खोचून, निऱ्या सावरत, दांडी नसलेल्या लेडीज सायकलीवर बसू लागल्या. पुढे स्कूटर-मोटरसायकली आल्या तेव्हा तर आपण मागच्या चाकाला साडीगार्डच ठोकलं. मागे बसणाराचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धं चाक झाकलेलं हवं, असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. मागे बसणारीची सोय सरकारनंही पाहिली. पुढे बसू पाहणारीचं काय?

ही आमच्या आत्याची गोष्ट. ती सातवी पास झाली 1970 च्या आसपास. आजोबांचं बिऱ्हाड तेव्हा वावरातल्या घरात होतं आणि पुढची शाळा तिथून दोन कोस. वडील सायकलीनं जात. आत्यालाही सायकल येत होती. आजोबा दुपारी झोपले की ती दांडीखालून पाय घालून, कैची मारत खळ्याभोवती फेऱ्या मारायची. पण परकर. परकरात दांडीवरून पाय टाकायचा कसा? टाकला तर लोक काय म्हणतील? परकर चेनमध्ये गेला तर? घरात चार दिवस चर्चा झाली. लेडीज सायकल परवडत नव्हती. पाचव्या दिवशी ठरलं की पोरीच्या जातीला सातवी पुष्कळ झाली. महिन्यातून एकदा धोतर चेनमध्ये घालणाऱ्या माणसानं परकराच्या कारणावरून शाळा बंद केली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मलाही हा लेख लिहायला बसेपर्यंत आलं नव्हतं.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे साक्षरतेच्या मोहिमेत 1991-92 च्या सुमाराला खेड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. खडी फोडणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या बायका. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. तिथे लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या आणि पुष्कळजणींना त्याच बऱ्या वाटल्या. कारण? दांडीवर पोराला बसवता येतं! आत्याच्या शाळेत आडवी आलेली दांडी ती हीच.

बिहारात 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा मुलींची शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली आणि मुला-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटलेली निघाली. बँकेत इतका परतावा मी कुठल्याच योजनेत पाहिलेला नाही. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. पंजाबी ड्रेस, पाठीला दप्तर, तोंडाला ओढणी अशा पोरी रांगेनं जाताना दिसतात आणि पोशाखावरून कुणाचं काही अडत नाही.

यंदा दिवाळीला आत्या माहेरी आली होती. माझी मुलगी शिकवणीला निघाली. सायकलीवर टांग टाकली आणि ओढणी थेट मागच्या चाकाकडे. मी मोठ्यानं ओरडलो, "अगं, पँट घालून येत जा म्हणून किती वेळा सांगितलं! ठेव ती सायकल, मी सोडतो तुला!"

आत्या ओट्यावरून उठली. गुडघे धरत पोरीपाशी गेली. ओढणी खांद्यावरून तिरपी घेतली, कमरेपाशी आणली आणि घट्ट गाठ मारली. मारलेली गाठ एकदा ओढून पाहिली.

"जाय," ती म्हणाली.

पोर वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आत्या तिथेच उभी होती. मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं म्हणाली,

"कपड्याचं काय रे बावा, बांधला का बसते. तुह्या आजोबाले हे कोनं सांगाव?"

मी काही बोललो नाही. माझ्या हातात दोरीवरचा चिमटा होता. बँकेत जायला उशीर होत होता.