तीन बोटे : एका दुसऱ्या खंडाचा इतिहास

त्रिखंडात्मक कादंबरीतील मधल्या खंडाकडे बहुधा पुलासारखे पाहिले जाते. त्याचे काम पलीकडे पोहोचविण्यापुरतेच. सुझान कॉलिन्स यांच्या 'कॅचिंग फायर' (२००९) या कादंबरीच्या वाट्यालाही हेच आले. 'द हंगर गेम्स' (२००८) या पहिल्या खंडात मुलांना एकमेकांचा जीव घ्यावयास लावणारा खेळ आहे, 'मॉकिंगजे' (२०१०) या तिसऱ्यात युद्ध आहे. मधल्यात पुन्हा तोच आखाडा, फक्त या खेपेस जुन्या विजेत्यांसाठी. पुनरावृत्तीचा आक्षेप आम्हांस उत्तरार्धापुरता मान्य आहे. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे तासातासाला नवे संकट सोडणारा तो आखाडा कल्पक खरा, पण तेथे लेखिका आपल्या जुन्याच यशावर विसंबते. पूर्वार्धाची गोष्ट वेगळी. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या मालिकेतील एक खूण पुढे आशियातील राजकीय इतिहासात शिरली, आणि ती कशी बदलली हे पाहावयाचे तर हा पूर्वार्धच वाचावा लागतो.

डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून हात पुढे करणे, ही ती खूण. पहिल्या खंडात ती बाराव्या जिल्ह्यातील जुनी, मागे पडलेली रीत आहे. क्वचित अंत्यविधीच्या वेळी दिसणारी. आभार, आदर आणि जिवलगाचा निरोप एवढाच तिचा अर्थ. धाकट्या बहिणीऐवजी स्वतः मरणाच्या खेळात जावयास निघालेल्या कॅटनिसला गावकरी याच खुणेने निरोप देतात, आणि पुढे आखाड्यात मारल्या गेलेल्या चिमुरड्या रूचा निरोप कॅटनिसही तशीच घेते.

दुसऱ्या खंडात विजेत्यांची यात्रा रूच्या अकराव्या जिल्ह्यात येते. आपण जे केले ते बंडखोरीने नव्हे, प्रेमापोटी केले, हे लोकांना पटवून दे, अशी तंबी राष्ट्राध्यक्ष स्नो यांनी कॅटनिसला आधीच दिलेली आहे. ती घाबरलेली आहे. रूच्या कुटुंबीयांसमोर कृतज्ञतेचे चार शब्द बोलते, एवढेच. तोच गर्दीतील एक म्हातारा रूची सुरावट शिटीवर वाजवितो आणि सारा जमाव तीन बोटे ओठांना लावून हात पुढे करतो. त्या म्हाताऱ्याला पायऱ्यांवर ओढत आणून, गुडघ्यांवर बसवून, डोक्यात गोळी घातली जाते.

आमच्या मते मालिकेचे खरे वळण येथे आहे. कॅटनिस बंडाची हाक देत नाही. उलट तिला ते बंड नकोच आहे. एका जिल्ह्याची शोकाची रीत दुसऱ्या जिल्ह्याने उचलली, आणि सत्तेने गोळी झाडून तिच्या राजकीय अर्थावर स्वतःच शिक्कामोर्तब केले. बोलणारीचा हेतू काय होता, हा प्रश्न त्या चौकात कोणी विचारीत नाही.

पुढे घडले ते याच वळणाने. २२ मे २०१४ रोजी थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली. पाच वा अधिक जणांच्या राजकीय जमावास बंदी झाली. तेव्हा बँकॉकमध्ये काही जण ऑर्वेल यांचे 'नाइन्टीन एटी-फोर' हाती धरून भर रस्त्यात मूकपणे वाचू लागले, तर काहींनी तीन बोटे उंचावली. अभ्यासक्रमांत मान मिळविलेले पुस्तक आणि किशोरांचे मनोरंजन म्हणून बाजूस सारलेले पुस्तक तेथे शेजारी उभे राहिले. (साहित्याच्या वर्गात हा शेजार आजही अवघडच!) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खोन केन येथे पंतप्रधान प्रयुत यांच्यासमोर ही खूण करणाऱ्या पाच विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. कादंबरीतील ही खूण त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत चित्रपटांतून पोहोचली असणार, हे उघड आहे. पण खुणेचा प्रवास त्याने खोटा ठरत नाही. रस्त्यावर आल्यावर ओठांना बोटे लावण्याचा भाग बहुधा गळून पडला, हात सरळ आकाशाकडे गेला. निरोपाची खूण होती ती. तिच्यातून निरोपच नाहीसा झाला. काहींनी तीन बोटांना स्वातंत्र्य, समता, बंधुता असा अर्थ दिला, जो कॉलिन्स यांच्या पुस्तकात कोठेही नाही.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्करी उठाव झाल्यावर तेथील डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी तीच बोटे उंचावली. २६ फेब्रुवारीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारचे राजदूत चॉ मो टुन यांनी आपल्याच देशातील लष्करी राजवटीविरुद्ध भाषण केले, आणि ते संपविताना तीन बोटांचा हात वर धरला.