‘तमस’ आणि आमची गल्ली
आपण ८८ च्या बॅचचे. त्या जानेवारीत दहावीचा अभ्यास टाकून आम्ही रात्री गल्लीतल्या एकुलत्या टीव्हीपुढे ‘तमस’ बघायचो. दिग्दर्शक गोविंद निहलानी मूळचे कॅमेरामन, हे मला फार उशिरा कळलं. जन्म १९४० चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब उदयपूरला आलं. पुढे ते व्ही. के. मूर्तींचे साहाय्यक झाले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या मराठी चित्रपटाचा कॅमेरा त्यांचाच, नंतर बेनेगलांचा ‘अंकुर’. ‘आक्रोश’पासून (१९८०) दिग्दर्शन.

भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका बंद करा म्हणून काही जण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं.

आमच्याकडे माझी आजी आणि शेजारच्या चाची एकाच सतरंजीवर बसत. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून फौज बोरी नदीच्या पुलावर आली, तेव्हा दोघी ऐन विशीत होत्या. त्याआधीची रझाकारी आजीनं भोगली, नंतरचे दिवस चाचींनी. पडद्यावर माणसं पळू लागली की दोघी गप्प. एकदाच चाचींनी हळूच विचारलं, “आक्का, तुमी तवा कुठं लपला होता?”