शिक्क्यामागचा सूर

तुळशीचे लग्न लागले की आमच्या सुप्यात पहिली जाग येते ती बँडवाल्यांना. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या पेट्या खाली उतरतात, पितळेला चिंच लागते, आणि कुठल्याशा ओट्यावरून क्लॅरोनेटचा एखादा अर्धामुर्धा सूर दुपारच्या उन्हात तरंगू लागतो.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी काखेत पेटी मारून दारात उभा राहिला.

"गुरुजी, जरा बघता का? विलायती आहे. मिलिटरीतलं. शंभर वर्षांचं!"

बँडवाल्यांवर कादंबरी लिहिण्याच्या नादात मी दोन हिवाळे त्यांच्या ओट्यावर काढले होते, एवढीच माझी लायकी. वाद्य तीन दिवसांच्या बोलीवर आणलेले. विकणाऱ्याने तीस हजार सांगितले होते, आणि येत्या लग्नसराईच्या सुपाऱ्यांवर उचल घेऊन ते मोजायची ह्याची तयारी होती. पेटी उघडली. काळेभोर लाकूड, काळवंडलेल्या चाव्या, वर लंडनच्या बूझी कंपनीचा शिक्का आणि त्याखाली दोन इंग्रजी अक्षरे : एच. पी.

"एच. पी. म्हणजे काय रे?"

"विहिरीवरच्या मोटारीला असतं तेच की, गुरुजी! हॉर्सपॉवर. म्हणजे आवाज मोठा."

मला हसू आले. पण तीस हजारांच्या उचलीपुढे ते फार वेळ टिकले नाही.

वाचकहो, छापील अक्षरावर विश्वास ठेवून गळ्यात दोर अडकवून घेणे आमच्या गावाला नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, शेतसारा वाढला, आणि शेतकरी सावकाराच्या रोख्यांत गुंतत गेला. रोख्यावर काय लिहिले आहे हे ज्याचा अंगठा त्यालाच वाचता येत नव्हते. १२ मे १८७५ रोजी ह्याच सुप्यात लोक उठले आणि त्यांनी वह्या-रोख्यांची होळी केली. ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता न्यायाधीशाने त्याच्या मागे जावे, व्यवहार मुळापासून उलगडून पाहावा, असे त्यात ठरले. जुने वाद्य घेणाऱ्यानेही शिक्क्याच्या मागे असेच गेले पाहिजे.

शिक्का खोटा होता असे नव्हे. लंडनच्या बूझी आणि हॉक्स ह्या दोन कंपन्या १९३० साली एक झाल्या; तेव्हा नुसते बूझीचे नाव म्हणजे वाद्य बहुधा त्याआधीचे. खालच्या जोडावर बाणाची पुसट खूणही होती. ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची निशाणी. म्हणजे 'विलायती' खरे, 'मिलिटरी'ही खरे. घोटाळा होता तो एच. पी. मध्ये. ह्या अक्षरांचा अर्थ 'हाय पिच', उंच पट्टी.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वाद्यांचा सूर चढत चढत सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांपर्यंत गेला होता. पुढे जलशांच्या वादकांनी तो खाली आणला, पण लष्करी बँड पहिल्या महायुद्धानंतरही काही वर्षे उंच पट्टीलाच चिकटून राहिले. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० हा आकडा ठरला. कागदावर फरक बारा-तेरा कंपनांचा; कानाला मात्र जवळजवळ अर्ध्या पट्टीचा.

मी त्याला शाळेच्या संगीतखोलीत नेले आणि पेटीवरची काळी पाच दाबून धरली. त्याने सूर लावला. तो काळी पाचच्या वर आणि पांढरी सातच्या खाली, दोघींच्या मधोमध लोंबकळू लागला! बॅरल बाहेर ओढून पाहिले, तर मधले काही सूर उतरले आणि खालचे जागच्या जागी राहिले. त्याच्या गाडीवरचा कीबोर्ड एखादी कळ दाबून चढवता आला असता. पण ट्रंपेट-युफोनियम नळी ओढून उतरवता येतात, इतके चढवता येत नाहीत. एका क्लॅरोनेटसाठी सारा ताफा बेसूर व्हायचा. असे वाद्य सुमारे दोन सेंटिमीटरने आखूड असते. अक्षरे घासून गेली असतील तर शेजारी दुसरे उभे करून मापावे.

बाकी वाद्य वाईट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. चाव्या तेरा आणि कड्या दोन, म्हणजे जुनी, साधी बांधणी. क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये सिद्ध केलेल्या नव्या बांधणीत चाव्या सतरा आणि कड्या सहा. शहाणे लोक जुनीला नाके मुरडतात. मला ते पटत नाही. उघड्या छिद्रावरून बोट सरकवून मींड काढायला तीच सोयीची. तुर्कस्तानचे वादक अजून तीच पसंत करतात.

मग मी वरचा जोड उजेडाकडे धरून आतून पाहिला. वरून काळ्या मेणाने झाकलेली चीर आत स्वच्छ दिसत होती. रीडची वा पॅडची चिंता करू नये, ती बदलता येतात. चिरेचे तसे नाही. छिद्रे बोटांनी बंद करून, खालचे तोंड तळहाताने दाबून हवा ओढली की नळीने ती धरून ठेवावी; हिने दमेकऱ्यासारखा उसासा टाकला.

तो बराच वेळ गप्प बसला. "ठसा किती छान आहे, गुरुजी," एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेटी परत गेली. पंधरवड्याने तो एक बिनशिक्क्याचे क्लॅरोनेट घेऊन आला. एबोनाइटचे, उन्हाने हिरवट-तपकिरी पडलेले, घासले की गंधकाचा वास येणारे. किंमत सहा हजार. पण हवा धरत होते आणि काळी पाचवर नेमके बसत होते. "दिसायला काही नाही," असे ओशाळून म्हणत त्याने ते ओठाला लावले. समोरच्या वर्गातली चौथीची मुले पाढे म्हणता म्हणता थांबली, आणि मास्तरांनीही त्यांना काही म्हटले नाही.