बोलण्यावरचा इलाज आणि त्याचं मोल

1986 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळ, फ्रेंचे हॉस्पिटलात डॉ. पॅम एंडर्बी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करत होत्या. वर्षाचा पगार 10,106 पौंड. त्यांच्याच तोडीच्या हुद्द्यावरच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला 12,527 पौंड मिळत होते, फार्मासिस्टला 14,106. एंडर्बींच्या पात्रतेत काही उणं होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. मेंदूला किंवा नसांना इजा झाल्यावर उच्चार कसे बिघडतात हे तपासणारी त्यांची चाचणी 1983 मध्ये प्रसिद्ध झाली होती. फ्रेंचे हॉस्पिटलच्या नावाची ती चाचणी पुढे देशोदेशी वापरली गेली. फरक दुसरीकडेच होता. बाकीच्या दोन पेशांत त्या पातळीवर पुरुष जास्त होते, आणि स्पीच थेरपी जवळपास सगळी बायकांच्या हाती होती. एंडर्बींनी औद्योगिक न्यायाधिकरणात दावा लावला.

दावा पगाराचा होता, पण त्यामागचा वाद जुना होता. माणसाला बोलतं करणं हे वैद्यकाच्या बरोबरीचं काम मानायचं, की सुशिक्षित घरातल्या मुलींनी लग्नाआधी करावी अशी सोज्वळ नोकरी? ब्रिटनमध्ये हा पेशा शंभर वर्षं या वादातच वाढला.

त्याची एक मुळी वैद्यकात आहे. 1861 मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या शल्यवैद्याने लेबोर्न नावाच्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. हा माणूस वर्षानुवर्षं फक्त ‘तान’ एवढंच म्हणत असे, पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळत असे. मेंदूच्या डाव्या भागात पुढच्या बाजूला ब्रोकाला इजा सापडली. 1874 मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने वाचाघाताचा दुसरा प्रकार मांडला: रुग्ण भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला उमगत नाही. बिघाड कुठे आहे ते डॉक्टरांना कळू लागलं. त्यावर करायचं काय, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ते थोडंफार ठाऊक होतं नाटकवाल्यांना. एल्सी फोगर्टी या बाईंनी 1906 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वक्तृत्व आणि नाट्यशिक्षणाची शाळा काढली. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट हे पुढे गाजलेले नट तिथेच घडले. श्वास कुठून घ्यायचा, जबडा कसा सैल सोडायचा, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचवायचा, हे शिकवता शिकवता अडखळणाऱ्या माणसांनाही या शिक्षणाचा उपयोग होतो, हे फोगर्टींच्या ध्यानात आलं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू आणि सेंट थॉमस या रुग्णालयांत वाचादोषांसाठी दवाखाने उघडले. सेंट थॉमसच्या दवाखान्यामागे फोगर्टीच होत्या. मग युद्धावरून सैनिक परतू लागले. कोणाच्या डोक्याला जखम होती, कोणाचा घसा विषारी वायूने जळलेला, तर कोणाची तोफांच्या भडिमाराच्या धसक्याने वाचाच बसलेली. या पेशाला पहिला मोठा रुग्णवर्ग युद्धाने दिला.

लायोनेल लोग याच वाटेने आला. ‘द किंग्ज स्पीच’ या 2010 च्या चित्रपटामुळे त्याचं नाव आपल्याकडेही पोहोचलं. अ‍ॅडलेडमध्ये 1880 साली जन्मलेला हा ऑस्ट्रेलियन वक्तृत्वाचा शिक्षक होता. वैद्यकाची कुठलीही पदवी त्याच्याकडे नव्हती. पर्थमध्ये परतलेल्या सैनिकांवर त्याने श्वासाचे आणि उच्चारांचे व्यायाम करून पाहिले, आणि 1924 मध्ये बायकोमुलांसह लंडन गाठून डॉक्टरांच्या हार्ली स्ट्रीटवर खोली घेतली. 1925 च्या ऑक्टोबरात वेम्बली इथल्या प्रदर्शनाच्या समारोपात अडखळत बोलणाऱ्या ड्यूक ऑफ यॉर्क या राजपुत्राला भाषण करताना जी यातना झाली, तिच्यानंतर वर्षभराने तो लोगकडे आला. रोज तासभर व्यायाम सुरू झाले. 1927 मध्ये ड्यूकने कॅनबेरात ऑस्ट्रेलियाच्या संसदेचं उद्घाटन केलं आणि भाषण नीट पार पाडलं. थोरल्या भावाने गादी सोडल्यावर हाच ड्यूक सहावा जॉर्ज झाला. 3 सप्टेंबर 1939 च्या युद्धघोषणेनंतरच्या भाषणावेळीही लोग त्याच्या शेजारी उभा होता.

चित्रपटात न आलेला भाग पेशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. या पेशातल्या मंडळींमध्ये तेव्हा दोन तट होते. 1934 मध्ये एक संघटना निघाली आणि लगेच 1935 मध्ये दुसरी. दुसरीच्या संस्थापकांत लोग होता. एकीचा ओढा रंगभूमी आणि वाणीशिक्षणाकडे, तर दुसरीचा रुग्णालयांकडे. दहा वर्षांनी, 1945 मध्ये, दोघी एकत्र येऊन ‘कॉलेज ऑफ स्पीच थेरपिस्ट्स’ स्थापन झालं. नावात कॉलेज असलं तरी ही शिकवणारी संस्था नव्हती. परीक्षा, नोंदणी आणि आचारसंहिता सांभाळणारं ते व्यावसायिक मंडळ होतं. 1948 मध्ये राजा स्वतः त्याचा आश्रयदाता झाला.

त्याच वर्षी, 5 जुलै 1948 ला, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. राजाश्रय मिळालेल्या या पेशाची सरकारी व्यवस्थेत मात्र फाळणी झाली. रुग्णालयातली थेरपिस्ट आरोग्यसेवेची नोकर आणि शाळेतली स्थानिक शिक्षण खात्याची. एकाच गावात दोघींचे वरिष्ठ वेगळे होते आणि कागदपत्रंही वेगळी. दुभंगलेल्या टाळूचं मूल शस्त्रक्रियेनंतर शाळेत गेलं, की त्याच्या उपचाराची जबाबदारी या खात्यातून त्या खात्यात जाई.

हा गोंधळ निस्तरायला 1969 मध्ये सरकारने समिती नेमली. अध्यक्ष होते रँडॉल्फ क्वर्क. ते डॉक्टर नव्हते, इंग्रजी व्याकरणाचे नाणावलेले अभ्यासक होते. 1972 मध्ये त्यांचा अहवाल आला. थेरपिस्टची संख्या फार अपुरी आहे, सगळी सेवा एका छत्राखाली आणावी, आणि शिक्षण छोट्या स्वतंत्र शाळांमधून विद्यापीठात न्यावं, असं त्यात म्हटलं होतं. या पेशाच्या अभ्यासाचा गाभा भाषा हाच असायला हवा, यावरही समितीचा भर होता. तोवर लक्ष होतं जीभ, ओठ आणि श्वास यांच्याकडे. आता प्रश्न असा झाला, की मूल ‘र’ला ‘ल’ म्हणतं एवढंच आहे, की त्याला वाक्यच जुळवता येत नाही? 1974 च्या फेररचनेत शाळांतल्या थेरपिस्टही एनएचएसमध्ये आल्या. रेडिंग विद्यापीठात डेव्हिड क्रिस्टल आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये मुलांच्या वाक्यरचनेची टप्प्याटप्प्याने नोंद करण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. 1980 च्या दशकात पदवीशिवाय या पेशात येण्याची वाट बंद झाली.

पदवी आली, पण पगार तिथेच राहिला. इथे एंडर्बींचा दावा येतो.

आरोग्यसेवेचा बचाव सरळ होता. प्रत्येक पेशाचा पगार वेगळ्या वाटाघाटींतून ठरतो. थेरपिस्टच्या वाटाघाटीत बाई म्हणून कोणालाही कमी धरलेलं नाही आणि फार्मासिस्टच्या वाटाघाटीत पुरुष म्हणून कोणाला जास्त दिलेलं नाही. मग भेदभाव झाला कुठे? शिवाय फार्मासिस्ट बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांना जास्त द्यावं लागतं. न्यायाधिकरणाने आणि नंतर अपील न्यायाधिकरणानेही हे मान्य केलं. एंडर्बी आणि त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली कामगार संघटना थांबल्या नाहीत. प्रकरण अपील न्यायालयात आणि तिथून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. 27 ऑक्टोबर 1993 ला निकाल लागला. सममूल्य कामाच्या दोन पेशांत एक जवळजवळ पूर्ण बायकांचा आणि दुसरा मुख्यतः पुरुषांचा असेल, आणि पगारात ठळक तफावत असेल, तर भेदभाव झाला नाही हे मालकाने सिद्ध करायचं. वाटाघाटी वेगवेगळ्या झाल्या, एवढं सांगून सुटता येणार नाही. बाजारातल्या टंचाईची सबब दिली, तर तफावतीचा नेमका किती भाग टंचाईमुळे आहे हेही तपासलं पाहिजे.

1990 चं दशक संपता संपता सरकारने तडजोडी केल्या आणि इतर थेरपिस्टनाही फरकाचे पैसे मिळू लागले. 2004 पासून एनएचएसने नवी वेतनरचना लागू केली. डॉक्टर, दंतवैद्य आणि अगदी वरचे अधिकारी वगळता बाकीच्यांची कामं एकाच मूल्यमापनाच्या मोजपट्टीवर आणली गेली. समान वेतनाच्या खटल्यांत एंडर्बींचा निकाल आजही आधाराला घेतला जातो. या पेशाने आरोग्य धोरणाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, आणि तिचा लाभ नर्सपासून प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञापर्यंत अनेकांना झाला.

दरम्यान कामही पालटत होतं. बोलण्यासाठी लागणारे स्नायू गिळण्यासाठीही लागतात. पक्षाघात झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना पहिल्या दिवसांत गिळताना त्रास होतो. पाणी किंवा अन्न श्वासनलिकेत गेलं, तर न्युमोनिया होतो आणि तो जिवावर बेततो. 1983 मध्ये अमेरिकेत जेरी लोगेमन यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. बेरियम घातलेला घास रुग्ण गिळत असताना त्याचं क्ष-किरण चित्रण करून घास नेमका कुठे चुकतो, हे पाहण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. ब्रिटनमध्येही मोठ्यांच्या वॉर्डात थेरपिस्टचा बराच वेळ गिळण्याच्या तपासणीत जाऊ लागला. रुग्णाला पाणी किती दाट करून द्यायचं, जेवण किती बारीक करायचं, हे ठरवणारी शून्य ते सात अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी ब्रिटनने 2019 मध्ये लागू केली. तोवर ‘कस्टर्डएवढं दाट’ यासारख्या शब्दांवर भागत असे, आणि प्रत्येक स्वयंपाकघराचं कस्टर्ड वेगळं.

मुलांकडे सरकारचं लक्ष वेधलं ते जॉन बर्को या खासदाराने. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. ते विरोधी बाकावरचे असूनही मजूर पक्षाच्या सरकारने त्यांच्यावर आढाव्याचं काम सोपवलं. जुलै 2008 च्या अहवालात 40 शिफारशी होत्या. शाळेत दाखल होणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 7 टक्क्यांना बोलण्याच्या वा भाषेच्या ठळक अडचणी आहेत. 2007 मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये ही संख्या जवळपास 40,000 होती. कुठल्या गावात राहता यावर मदत मिळणं न मिळणं अवलंबून आहे, असंही अहवालाने स्पष्ट सांगितलं. दहा वर्षांनी, 2018 मध्ये, पुन्हा आढावा घेतला तेव्हा ती तक्रार तशीच उभी होती.

तुरुंगांतून आलेली माहिती आणखी बोलकी होती. कोठडीतल्या किशोरवयीन गुन्हेगारांच्या ब्रिटिश पाहण्यांत अर्ध्याहून अधिक मुलांना भाषेच्या अडचणी आढळल्या. जामिनाच्या अटी ज्याला कळल्याच नाहीत, तो त्या मोडणारच. 1999 च्या कायद्याने असुरक्षित साक्षीदारांसाठी न्यायालयात मध्यस्थ नेमण्याची तरतूद केली. वकिलाचे तिहेरी नकाराचे प्रश्न सोपे करून घेणारे हे मध्यस्थ पुष्कळदा स्पीच थेरपिस्टच असतात.

ब्रिटनमधल्या मराठी घरांशी या पेशाचा वेगळाच संबंध येतो. मूल उशिरा बोलू लागलं, की ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला शेजारी देतात, शिक्षकही देतात. 1995 मध्ये ‘रॉयल’ झालेल्या थेरपिस्टच्या कॉलेजची भूमिका उलट आहे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, पालकांनी आपली भाषा सोडू नये आणि तपासणी घरच्या भाषेतही व्हावी, असं त्यांचं मार्गदर्शन सांगतं. अशा तपासणीला दुभाषा मागता येतो.

भारतातली वाट वेगळी होती. 1960 च्या दशकात म्हैसूरची राष्ट्रीय संस्था आणि मुंबईचं नायर रुग्णालय इथे शिक्षण सुरू झालं. 1983 मध्ये वांद्र्याला श्रवणदोषासाठी राष्ट्रीय संस्था निघाली, तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव दिलं. 1992 च्या पुनर्वसन परिषद कायद्याने थेरपिस्टची नोंदणी बंधनकारक केली. 2011 च्या जनगणनेत वाचेचं अपंगत्व असलेले सुमारे 20 लाख लोक नोंदले गेले, तरी 1995 च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत वाचा नव्हती. 2016 च्या कायद्याने 21 प्रकार धरले आणि त्यांत वाचा व भाषा आली. व्याख्येत उदाहरणं आहेत स्वरयंत्र काढण्याची आणि वाचाघाताची. तोतरेपणाचा उल्लेख नाही.

मुलांसाठीची योजना महाराष्ट्रातूनच सुरू झाली. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासायच्या 30 व्याधींच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे, ऐकू न येणंही आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्पीच थेरपिस्टची तरतूद आहे आणि सेवा मोफत आहे. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत, मग जिल्हा रुग्णालयात या केंद्राची चौकशी करावी. थेरपिस्टची जागा रिकामी असेल, तर ती भरण्याची मागणी लेखी करावी.