वारं गेल्याची वंशावळ : एका आनुवंशिक मेंदूविकाराच्या शोधाचा इतिहास

१/ शिरूर-दौंडच्या भीमाकाठी पक्षाघाताला ‘अंगावरून वारं जाणे’ म्हणतात. बापाला पन्नाशीत वारं गेले आणि पुढे मुलालाही, तर ती दैवगती मानली जाई. काही घराण्यांत मात्र हा वारसा एकाच जनुकातून येतो. तरीही तो लाभलेल्या सख्ख्या भावंडांपैकी एक चाळिशीत अंथरूण धरते, दुसरे साठीतही हिंडतेफिरते असते. असे का? या प्रश्नाच्या शोधाचा हा इतिहास.

२/ १९५५ साली बेल्जियमचे मेंदूविकारतज्ज्ञ लुडो व्हान बोगार्ट यांनी दोन बहिणींच्या अशा विकाराचे वर्णन केले. १९७७ मध्ये स्वीडनमधील एका घराण्याची हकीकत प्रसिद्ध झाली. ते घराणे दीर्घकाळ या रोगाचे आद्य उदाहरण समजले गेले. २००७ च्या फेरतपासणीत त्यांचा रोग निराळाच निघाला. जुन्या कागदांप्रमाणे जुनी निदानेही पुन्हा तपासावी लागतात.

३/ १९९३ मध्ये एलिझाबेथ तूर्निए-लासेर्व्ह व सहकाऱ्यांनी फ्रेंच घराण्यांच्या वंशावळी अभ्यासून रोगाचे मूळ १९ व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. रोगाचे नाव ‘काडासिल’ रूढ झाले. १९९६ मध्ये अ‍ॅन जूतेल व सहकाऱ्यांनी ‘नॉच-३’ हे जनुक निश्चित केले. त्यातील दोषामुळे मेंदूतील बारीक धमन्यांच्या भित्तिकांत सदोष प्रथिन साचते आणि खोलवरच्या भागांचा रक्तपुरवठा घटतो. अर्धशिशी, वारंवार लहान झटके, नैराश्य आणि अखेरीस स्मृतिभ्रंश, असा रोगाचा क्रम बहुधा असतो. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के.

४/ वंशावळ वारसा कोणाकडे जाऊ शकतो हे सांगते. रोगाची गती सांगत नाही. त्यासाठी अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागल्या. २००४ च्या ब्रिटिश अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना पहिला झटका लवकर येतो, असे दिसले. २०१० मध्ये २०० रुग्णांच्या अभ्यासात धूम्रपानासोबत उच्च रक्तदाबाचाही झटक्याशी संबंध आढळला.

५/ दोष जनुकात नेमका कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. नॉच-३ प्रथिनात एकसारख्या घडणीचे ३४ खंड असतात. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या युली रुटेन व सहकाऱ्यांनी दाखवले की, दोष पहिल्या ६ खंडांत असल्यास झटका सुमारे १२ वर्षे आधी येतो.

६/ हा केवळ युरोपचा प्रश्न नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाकिस्तानातील माहितीवर आधारलेल्या संशोधनानुसार नॉच-३ मधील एक विशिष्ट बदल दक्षिण आशियात सुमारे १ टक्का लोकांत आढळतो. तो असलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. पण पक्षाघाताचा धोका वाढतो.

७/ आता पुन्हा शिरूरकडे. वढू बुद्रुक इतिहासप्रेमींना छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. याच गावी १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने ग्रामीण आरोग्याचे काम उभारले. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघरच्या जन्म, मृत्यू व स्थलांतराच्या नोंदी नियमित ठेवल्या जाऊ लागल्या. त्या काडासिलसाठी नव्हत्या. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चालणारा रोग समजून घेण्यास अशाच चिकाटीच्या दफ्तराची गरज असते.

८/ या रोगाची वाटचाल थांबवणारे औषध अद्याप नाही. जनुक बदलणे रुग्णाच्या हाती नाही. बिडी सोडणे आणि रक्तदाब वेळेवर मोजून आटोक्यात ठेवणे हाती आहे. ज्या घरात बाप आणि काका दोघांनाही अकाली वारं गेले, तेथील तरुणाने ही हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. घराण्याच्या इतिहासाचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो.